घाटाखालचा मुलूख आणि विद्वानांची सभा

ठाणे जिल्ह्याच्या पूर्व अंगास सह्याद्रीची भिंत जेथे कोकणच्या सखल भूमीवर एकाएकी उभी राहते, तेथे तिच्या पायथ्याशी शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके एकमेकांस लागून पसरले आहेत. उत्तरेस कसाऱ्याचा थळघाट, दक्षिणेस माळशेज आणि नाणेघाट, मधून भातसा, काळू आणि शाई यांचे प्रवाह, माहुलीचे सुळके, भाताची खाचरे, माळावरची वरकस जमीन आणि तिच्यापलीकडे साग-ऐनाचे रान, असा हा मुलूख आहे. आणि कुणबी, आगरी, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी, वारली अशा कष्टाळू समाजांची त्यावर वस्ती आहे. महसुली दप्तरांत भाताचा आणि जंगलाचा म्हणून, तर मुंबईकरांच्या बोलण्यात धरणांचा म्हणून तो ओळखला जातो. विज्ञानाच्या इतिहासात त्याचे नाव घ्यावे असे मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. वास्तविक, गेल्या एकशे साठांहून अधिक वर्षांत येथील दगडावर, पाण्यावर, मातीवर, शिलालेखांवर आणि माणसांवर मुंबईपासून लंडनपर्यंतच्या विद्वानांनी निबंध लिहिले आणि सभांतून वाचले आहेत. त्या सभांत हा मुलूख विषय म्हणून वारंवार हजर राहिला. वक्ता म्हणून तेथे उभे राहण्यास त्याला फार काळ लागला. आज या तालुक्यांतील एखादी पदव्युत्तर विद्यार्थिनी आपला शोधनिबंध घेऊन विज्ञान परिषदेस जाते, तेव्हा त्या साध्या वाटणाऱ्या प्रवासामागे केवढा इतिहास उभा असतो, तो येथे सांगावयाचा आहे.

संशोधन एकांतात होत असले तरी त्याची परीक्षा समुदायात होते, या जाणिवेतून विद्वत्सभांचा रिवाज जन्मास आला. जर्मन निसर्गशास्त्रज्ञांचा मेळावा १८२२ साली लाइपझिग येथे भरला, ब्रिटिश असोसिएशनची पहिली सभा १८३१ साली यॉर्क येथे झाली, आणि १८६० च्या सप्टेंबरात कार्ल्सरूहे या जर्मन गावी निरनिराळ्या देशांतील सुमारे एकशे चाळीस रसायनशास्त्रज्ञ अणुभारांविषयीचा गोंधळ निस्तरण्यासाठी एकत्र आले. या शेवटच्या सभेत दिमित्री मेंदेलेयेव्ह नावाचा एक सव्वीस वर्षांचा रशियन तरुण हजर होता. हायडेलबर्ग येथे अध्ययनासाठी आलेल्या या तरुणाच्या नावावर तोवर मोठे असे काही नव्हते. कान्निझारो या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने अणुभार ठरविण्याची जी सुसंगत रीत तेथे प्रतिपादन केली, ती ऐकून हा तरुण माघारी गेला, आणि पुढे नऊ वर्षांनी, १८६९ साली, त्याच अणुभारांच्या आधारावर त्याने मूलद्रव्यांची आवर्तसारणी रचली. नवशिक्या अभ्यासकाने परिषदेस का जावे, या प्रश्नाचे याहून भक्कम उत्तर विज्ञानाच्या इतिहासात सापडणे कठीण आहे. ग्रंथ छापून आपल्या हाती पडेपर्यंत वर्षे लोटतात. ज्ञान घडत असताना त्याचा ध्वनी कानी पडावा, तर ते घडविणारांच्या बैठकीतच जाऊन बसावे लागते.

त्याच १८६० च्या डिसेंबर महिन्यात मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशनच्या सभेत थळघाटाच्या रेल्वेचढावावर एक निबंध वाचला गेला. वाचणारे होते ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंते जेम्स बर्कली. लोहमार्ग १८५५ सालीच वासिंदपर्यंत येऊन पोचला होता, १८६० च्या आरंभी तो आसनगावास आला, आणि १८६१ च्या पहिल्या दिवशी कसाऱ्यापर्यंतची वाहतूक सुरू व्हावयाची होती. त्यापुढे उभा होता तो सह्याद्रीचा कडा. सदतीस फुटांस एक फूट इतक्या तीव्र उताराने ९७२ फूट वर चढणारा हा मार्ग बोगद्यांतून आणि उंच कमानींवरून कसा न्यावा, याचे विवेचन त्या निबंधात होते. घाटातून गाडी प्रत्यक्ष धावली ती १८६५ साली, आणि तोवर बर्कली हयात नव्हते. शहापूर तालुक्याच्या भूमीवर एवढ्या विस्ताराने वैज्ञानिक चर्चा व्हावी, असा हा फार आरंभीचा प्रसंग होय. सुरुंग लावणारे, खडी फोडणारे, घमेली वाहणारे हजारो मजूर त्या निबंधात आले ते कामाच्या मोजणीपुरते; त्यांची नावे नोंदविण्याचा रिवाज त्या काळच्या सभांत नव्हता. त्याच लोहमार्गाने पुढे चार-पाच पिढ्यांनी कसारा, खर्डी, आटगाव, आसनगाव येथील मुले शिक्षणासाठी मुंबईस जाऊ लागली, हे मात्र बर्कलींच्या कार्याचे फार मोठे फळ आहे.

टाऊन हॉलच्या त्याच वास्तूत रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे बिऱ्हाड होते. १८०४ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेची दारे १८४० साली माणकजी करसेटजी यांना सभासदत्व मिळेपर्यंत हिंदी माणसास बंद होती. पुढे डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या विद्वानांनी तेथे मानाचे स्थान मिळविले. आणि याच भाऊ दाजींच्या आश्रयास, वयाची विशी नुकती उलटलेला, जुनागडचा एक तरुण आला. त्याचे नाव भगवानलाल इंद्रजी. इंग्रजी विद्येचा संस्कार त्याच्यावर झाला नव्हता, पण जुन्या लिपी वाचण्याची त्याची दृष्टी असामान्य होती. डोंगर-दऱ्या तुडवीत, लेण्यांच्या भिंतींशी तासन् तास उभे राहून तो शिलालेखांच्या नकला उतरी, आणि त्या काळच्या पद्धतीप्रमाणे त्यावरील निष्कर्ष डॉक्टरांच्या नावे प्रसिद्ध होत. मार्गदर्शक आणि शोधविद्यार्थी यांचे जे नाते आज विद्यापीठांच्या नियमावलीत बसविलेले आहे, त्याचेच हे पूर्वरूप म्हणता येईल: आश्रय, शिक्षण आणि स्नेह त्यात होता, श्रेयाची वाटणी मात्र ठरलेली नव्हती. १८७४ साली भाऊ दाजी निवर्तल्यावर भगवानलाल स्वतःच्या नावाने लिहू लागले, आणि त्या पहिल्या काही लेखनांतील एक नाणेघाटाविषयी होते.

नाणेघाटाचा माथा जुन्नरात आणि पायथा मुरबाडात आहे. वैशाखऱ्याकडून रानातल्या पायवाटेने चढून गेले की अखेरच्या खिंडीशी कातळात खोदलेले एक प्रशस्त दालन लागते. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून जुन्नर-पैठणकडे जाणारे व्यापारी तांडे दोन हजार वर्षांपूर्वी येथून जात, आणि सातवाहन राणी नागनिका हिचा यज्ञदानांचा दीर्घ लेख या दालनाच्या डाव्या-उजव्या भिंतींवर कोरलेला आहे. यज्ञांत किती गायी दिल्या, किती घोडे दिले, किती कार्षापणे दिली, याची ती यादी आहे. आणि दाने मोठी असल्यामुळे तीत अंकही मोठे आले आहेत. भगवानलालांनी ओळखले ते हे अंक. त्यांची घडण जवळून पाहण्यासारखी आहे. दशमानाची स्थाने तेथे नाहीत आणि शून्यही नाही. शंभरास एक स्वतंत्र चिन्ह, हजारास दुसरे. चारशे लिहावयाचे तर शंभराच्या चिन्हास चाराची खूण जोडलेली, चार हजार लिहावयाचे तर हजाराच्या चिन्हास तीच खूण लावलेली. चोवीस हजार चारशे ही संख्या तेथे वीस हजार, चार हजार आणि चारशे अशा तीन जोडचिन्हांनी एकापुढे एक मांडली आहे. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या अंकांची कुळकथा लिहिणारास या भिंतीशी यावेच लागते, कारण त्या अंकांच्या पूर्वजांचा एवढा मोठा संच इतक्या प्राचीन काळी एकत्र कोरलेला असा फार थोड्या ठिकाणी आढळतो.

नाणेघाटाच्या अंकांवरील भगवानलालांचे टिपण १८७६ साली एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात आणि पुढील वर्षी प्राचीन नागरी अंकांवरचा त्यांचा लेख, ब्यूलर यांच्या टिपणीसह, इंडियन अँटिक्वेरीत प्रसिद्ध झाला. भगवानलाल गुजरातीत लिहीत आणि ब्यूलर यांच्यासारखे स्नेही त्याचे इंग्रजी करीत. १८८३ साली लायडन येथे प्राच्यविद्या परिषदेचे अधिवेशन भरले, तेव्हा त्यांचा हाथीगुंफेच्या लेखावरील निबंध त्या परिषदेच्या कार्यवृत्तात समाविष्ट झाला, आणि १८८४ साली लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टर ही पदवी अर्पण केली. निबंध समुद्र ओलांडून गेला, कीर्तीही गेली. निबंधकार मुंबईतच राहिले. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या बाबतीत आरंभी असेच झाले. १८७४ च्या लंडन येथील परिषदेचे निमंत्रण त्यांना आले होते, पण जाणे घडले नाही आणि नाशिकच्या लेण्यांतील लेखांवरील त्यांचा निबंध तेवढा रवाना झाला. १८८६ साली मात्र ते स्वतः व्हिएन्ना येथील परिषदेस गेले आणि परतल्यावर त्या प्रवासाचा वृत्तान्त त्यांनी मुंबईच्या सभेपुढे ठेवला. परिषदेत लेखाच्या पाठीशी लेखक प्रत्यक्ष उभा राहिला, तरच त्यास शंका विचारता येतात, तो उत्तर देऊ शकतो आणि समोरच्याचे ऐकून आपले मत सुधारू शकतो. लेख एकटा गेला तर तो ऐकला जातो. लेखक गेला तर वाद होतो, आणि वादावाचून शास्त्र वाढत नाही.

नाणेघाटाचे अंक असे विद्वज्जनांपुढे येत असताना दुसरीकडे शहापूरच्या पाण्याचा विषय थेट लंडनला पोचला. वाढत्या मुंबईची तहान भागविण्यासाठी तानसा नदीवर सुमारे पावणेदोन मैल लांबीचे दगडी धरण १८९२ साली पुरे झाले, आणि त्याचे अभियंते क्लार्क यांनी त्या कामावरील निबंध पुढे दोन वर्षांच्या आत इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स या संस्थेपुढे मांडला. दगडी बांधकामाच्या मोठ्या धरणांच्या इतिहासात तानसाचे नाव त्यामुळे रुजू झाले. पुढे १९५७ साली वैतरणेवरील मोडकसागर आणि त्यानंतर भातसा ही धरणे झाली आणि मुंबईच्या पाण्याचा फार मोठा भाग या एका टापूतून जाऊ लागला. उन्हाळ्यात याच शहापूर तालुक्यातील कित्येक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पाणी गेले आणि पाण्यावरचा निबंधही गेला. ज्यांच्या अंगणातून ते दोन्ही गेले त्यांचे म्हणणे त्या सभांत मांडणारा कोणी नव्हता, आणि विज्ञानाच्या दृष्टीनेही ही उणीव लहान नव्हे, कारण ज्या पाणलोटात माणूस पिढ्यान् पिढ्या राहतो त्याविषयीचे त्याचे निरीक्षण हाही पुराव्याचाच एक भाग असतो.

याला एक सन्मान्य अपवाद मातीच्या संशोधनात सापडतो. ठाणे-कुलाब्याच्या भातशेतीत राब भाजण्याची चाल जुनी आहे. उन्हाळ्यात फांद्या, पालापाचोळा आणि शेण यांचे थर रोपवाटिकेच्या जागेवर पसरून ते पेटवितात, आणि त्या भाजलेल्या जमिनीत पहिल्या पावसावर भात पेरतात. जंगलखात्यास ही चाल नासधुशीची वाटे, आणि फांद्या तोडण्याच्या हक्कावरून उठलेल्या तक्रारींपायी १८८० च्या दशकात सरकारला ठाणे व कुलाबा जिल्ह्यांच्या जंगलप्रश्नावर आयोग नेमावा लागला होता. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील डॉ. हॅरोल्ड मान यांनी या चालीकडे शास्त्रीय कुतूहलाने पाहिले, आणि १९१२ साली राबपद्धतीवरचा जो प्रबंध सरकारी कृषिखात्याने छापला, त्यावर मान यांच्या नावाशेजारी जोशी आणि कानिटकर ही दोन मराठी नावे लेखक म्हणून झळकली. भाजणीने तापलेल्या मातीत रोपाला पोषक असे काय घडते, याचा शोध त्यांनी प्रयोगशाळेत घेतला होता. वरिष्ठाच्या नावाआड सहायकाचे नाव लुप्त होण्याचा काळ संपत आल्याची ही शुभसूचना होती, आणि ज्या चालीस अडाणीपणा म्हणून हिणविले जात होते तीत काही तथ्य असू शकते, हे मानण्याची उदारताही त्या प्रबंधात होती.

यानंतर दोनच वर्षांनी, १९१४ च्या जानेवारीत, कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीच्या वास्तूत भारतीय विज्ञान परिषदेचे पहिले अधिवेशन सर आशुतोष मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखाली भरले. सिमन्सन आणि मॅकमोहन या दोन रसायनशास्त्रज्ञांच्या प्रयत्नाने उभ्या राहिलेल्या त्या अधिवेशनास १०५ शास्त्रज्ञ जमले आणि ३५ निबंध वाचले गेले. परिषद दरवर्षी नव्या शहरी भरवावी हा दंडक पडल्यामुळे ती मुंबईसही येऊ लागली. १९१९, १९२६ आणि १९३४ साली ती मुंबईत भरली. १९३४ च्या अधिवेशनाचे अध्यक्ष मेघनाद साहा होते, आणि देशात विज्ञानाची अखिल भारतीय अकादमी असावी हा विचार त्यांनी तेथे आग्रहाने मांडला. १९५० साली पुण्यास प्रशांतचंद्र महालनोबिस अध्यक्षस्थानी होते. मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांस आपल्या क्षेत्रातील थोरांचे प्रत्यक्ष दर्शन घडावे आणि पाठ्यपुस्तकातील नाव समोर बोलताना ऐकावे, अशी संधी या अधिवेशनांनी प्रथमच घराजवळ आणून ठेवली.

परिषदेच्या पहिल्या अधिवेशनापासूनच वनस्पती, प्राणी, भूगर्भ, पदार्थविज्ञान आणि रसायन यांच्या बरोबरीने मानववंशशास्त्राचा विभाग होता, आणि पुढे १९४७ च्या दिल्ली अधिवेशनात त्या विभागाचे अध्यक्षपद इरावती कर्वे यांनी भूषविले. या विद्येने घाटाखालच्या मुलखाकडे विशेष लक्ष दिले. वेलिंग यांचा कातकऱ्यांवरील ग्रंथ १९३४ साली, घुर्ये यांचा महादेव कोळ्यांवरील १९५७ साली आणि ल. ना. चापेकर यांचा सह्याद्रीतील ठाकरांवरील १९६० साली प्रसिद्ध झाला. या अभ्यासकांचे परिश्रम आदरास पात्र आहेत. त्यांच्या नोंदी नसत्या तर कित्येक चालीरीती, विधी आणि नातेसंबंध विस्मृतीत गेले असते. परंतु त्या ग्रंथांत बोलणारा ठाकूर वा कातकरी हा माहितगार म्हणून बोलतो, संशोधक म्हणून नव्हे. त्याच्या नातवाने त्याच विभागात उभे राहून आपल्या समाजाविषयी निबंध वाचावा, ही पायरी अद्याप पुढे होती.

दरम्यान येथील दगडाची ख्याती जगभर पसरत होती. थळघाट किंवा माळशेज घाटाच्या रस्त्याने जाताना कड्यात काळ्या कातळाचे थर एकावर एक रचलेले दिसतात आणि दोन थरांमध्ये जागोजागी तांबड्या मातीची बोट-दोन बोटांपासून हातभर जाडीपर्यंतची पट्टी दिसते. प्रत्येक काळा थर हा लाव्ह्याचा एक लोट, आणि तांबडी पट्टी म्हणजे पुढचा लोट येईपर्यंत मध्ये गेलेला काळ. १९६४ साली नवी दिल्लीस आंतरराष्ट्रीय भूशास्त्र परिषद भरली. आशियात ती प्रथमच भरत होती आणि दा. नौ. वाडिया तिचे अध्यक्ष होते. पुढे डायनोसॉरांचा अंत उल्कापाताने झाला की दख्खनच्या ज्वालामुखींनी, हा वाद पेटला, आणि १९८८ साली अमेरिकेतील स्नोबर्ड येथे भरलेल्या परिषदेत दख्खनचा कातळ हा चर्चेचा एक प्रमुख विषय होता. भूशास्त्रज्ञांनी या थरांची जी वर्गवारी केली तिच्या तळाशी जव्हार आणि इगतपुरी अशी आपल्या शेजारच्या गावांची नावे आली. तांबड्या पट्ट्यांत सापडणाऱ्या झिर्कॉनच्या सूक्ष्म स्फटिकांवरून आणि खुद्द कातळावरून काळ मोजून दोन स्वतंत्र गटांनी २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या त्या घडामोडींचा काळ ठरविण्याची सूक्ष्मता आता काही दहा-हजार वर्षांपर्यंत आली आहे, तरी त्या दोन गटांचा एकमेकांशी मतभेद कायम आहे. ज्या कातळावर हा वाद चालला आहे तो मुरबाडच्या विद्यार्थ्याच्या घराच्या जोत्यात बसविलेला असतो.

तो विद्यार्थी सभेपर्यंत पोचू शकला तो तीन गोष्टींमुळे. पहिली गोष्ट भाषेची. गो. रा. परांजपे यांच्यासारख्या प्राध्यापकांच्या प्रयत्नाने १९२८ साली निघालेल्या ‘सृष्टिज्ञान’ मासिकाने मराठीत शास्त्र सांगण्याची वाट पाडली, आणि १९६६ साली मुंबईत स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानाची सभाच मराठीत भरविली. तिची अधिवेशने गावोगाव भरू लागली. भगवानलालांना ज्या भाषांतरकाराची गरज पडली, ती मातृभाषेतून शिकलेल्या मुलामुलींस निदान काही सभांत तरी पडू नये, एवढी सोय त्यामुळे झाली. दुसरी गोष्ट महाविद्यालयांची. शहापुरात सोनुभाऊ बसवंत महाविद्यालय आणि मुरबाड तालुक्यात शिवळे येथे शांतारामभाऊ घोलप महाविद्यालय उभे राहिल्याने उच्च शिक्षणासाठी कल्याण-ठाणे गाठलेच पाहिजे ही सक्ती सैल झाली. तिसरी गोष्ट खुद्द सभेच्या स्वरूपातील. १९७० च्या दशकात जगभर भित्तिपत्रकाचा, म्हणजे पोस्टरचा, रिवाज रूढ झाला आणि व्यासपीठावरील मोजक्या वक्त्यांच्या जोडीस शेकडो नवोदितांना आपले काम मांडण्यास जागा मिळाली. भारतीय विज्ञान परिषदेने १९८१ पासून तरुण शास्त्रज्ञांसाठी पारितोषिके सुरू केली, आणि २००६ पासून महाराष्ट्रातील विद्यापीठांत ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा कुलपतींच्या पुढाकाराने भरू लागली. पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन अशा पायऱ्यांवर, महाविद्यालयापासून विद्यापीठापर्यंत आणि तेथून राज्यापर्यंत जाणारी ही स्पर्धा तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्याची बहुधा पहिली विज्ञानसभा असते.

तिला जाणाऱ्या विद्यार्थिनीची तयारी पाहिली म्हणजे या रिवाजाचे खरे मोल ध्यानात येते. राबाच्या राखेने जमिनीचा सामू किती बदलतो, किंवा काळू नदीच्या पाण्यात गावाच्या वर आणि गावाच्या खाली काय फरक पडतो, असा तिचा विषय असतो. वर्षभराचे काम अडीचशे शब्दांच्या गोषवाऱ्यात बसवावयाचे, तो गाईडकडून तपासून घ्यावयाचा, नोंदणीचे शुल्क भरावयाचे, पोस्टर कल्याणला छापून घ्यावयाचे आणि गुंडाळी नळीत घालून ते सांभाळीत न्यावयाचे. शहापूरची असेल तर ती आसनगावला कसारा लोकल पकडते. मुरबाडची असेल तर, तालुक्यात रेल्वे नसल्यामुळे, धसई-टोकावड्याकडून एस.टी.ने आधी कल्याण गाठते. पोस्टरसमोर परीक्षक येऊन उभे राहतात आणि विचारतात: नमुने किती घेतले? पावसाळ्यापूर्वीचे की नंतरचे? तुलनेसाठी न भाजलेली जमीन घेतली होती काय? तीच आकडेवारी दुसऱ्याने काढली तर तीच येईल काय? शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या महाविद्यालयाच्या मुलाने तोच प्रश्न निराळ्या उपकरणाने सोडविलेला असतो, आणि दुपारच्या जेवणाच्या वेळी त्या दोघांत जे बोलणे होते त्यातून पुढच्या वर्षाचा विषय निघतो. वर्गात उत्तर देण्याची सवय लागलेली असते. येथे प्रथमच आपल्या उत्तराची जबाबदारी आपल्यावर येते. शास्त्रीय वृत्ती म्हणतात ती या अर्ध्या तासात जितकी अंगी बाणते तितकी एका सत्राच्या व्याख्यानांनी बाणत नाही, असे मी पूर्ण विचारान्ती म्हणतो.

या प्रश्नोत्तराचे महत्त्व किती आहे, याचा प्रत्यय २०१५ च्या जानेवारीत मुंबईच्या कालिना येथे भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेच्या अधिवेशनात आला. प्राचीन भारतात ग्रहांवरून ग्रहांवर जाणारी विमाने होती असे प्रतिपादन तेथील एका सत्रात झाले आणि देशभरातील शास्त्रज्ञांनी त्यास तीव्र हरकत घेतली. कारण ज्या ग्रंथाचा आधार त्यासाठी दिला जातो तो विसाव्या शतकाच्या आरंभीचा असून त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असा निर्वाळा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ सालीच दिला होता. पूर्वजांच्या बुद्धीचा अभिमान असावा, आणि तो सिद्ध करावयाचा तर नाणेघाटाची भिंत मुंबईपासून फार दूर नाही. तेथील अंक कोणीही जाऊन पाहावे, मोजावे, त्यांचे ठसे घ्यावे. गेली दीडशे वर्षे विद्वानांनी ते तपासले आहेत आणि ते टिकून आहेत. जो अभिमान पुराव्यासह सभेत उभा राहू शकतो तोच विद्येच्या कामाचा असतो, ही शिकवण मुरबाडच्या विद्यार्थ्यास आपल्याच डोंगरातून मिळू शकते.

आणखी एक अलीकडचे उदाहरण सांगितले पाहिजे. रानपिंगळा हा लहानसा घुबडवर्गीय पक्षी १८८४ नंतर शंभरांहून अधिक वर्षे कोणास आढळला नव्हता. १९९७ साली तो खानदेशात शहाद्याजवळ पुन्हा सापडला, आणि २०१४ साली शहापूर तालुक्यातील तानसा अभयारण्यात त्याची नोंद झाली. मुंबईपासून इतक्या जवळ, ज्या रानातून तिचे पाणी येते त्याच रानात, जगातील अत्यंत दुर्मिळ पक्ष्यांपैकी एक नांदत असावा, ही वार्ता पक्षिशास्त्रज्ञांस चकित करणारी होती. अशा रानात प्रत्येक ओढ्याची, प्रत्येक ढोलीच्या झाडाची माहिती असलेली माणसे पाड्यापाड्यावर आहेत. त्यांची मुले आता प्राणिशास्त्राची आणि वनस्पतिशास्त्राची पदवी घेत आहेत. बापाची नजर आणि लेकीची पदवी एकत्र आली तर या मुलखाचे विज्ञान बाहेरच्या अभ्यासकाच्या आठवडाभराच्या मुक्कामावर अवलंबून राहणार नाही.

म्हणून माझी मागणी दोन गोष्टींची आहे. विद्यापीठाने, विज्ञान संस्थांनी आणि ज्या महानगराची तहान हा टापू भागवितो त्या महानगराने या तालुक्यांतील शोधविद्यार्थ्यांच्या परिषद-प्रवासाची कायमची तरतूद करावी; नोंदणीशुल्क आणि गाडीभाडे यांपायी एकही गोषवारा घरी पडून राहू नये. आणि दुसरी अशी की सभेने स्वतःही घाटाखाली यावे: भूशास्त्राची परिषद कसाऱ्यास, जलविज्ञानाची शहापुरास, गणिताच्या इतिहासाची मुरबाडास भरावी, तिचे निदान एक सत्र मराठीत चालावे, आणि ज्यांनी वाट दाखविली, नमुने गोळा केले, नावे सांगितली त्यांची नावे निबंधावर यावीत. थळघाटाचा दगड, तानसेचे पाणी, नाणेघाटाचे अंक आणि राबाची माती यांच्या आधारावर विद्वानांनी दीडशे वर्षे निबंध लिहिले आहेत. त्या मुलखातील मुलामुलींस सभेत आसन देणे ही मेहरबानी नव्हे. ते फार दिवसांचे थकलेले देणे आहे, आणि ते फेडण्यात देणाराचेच ज्ञान वाढणार आहे.